नाव घातलेली गुलाबदाणी

चांदी ओळखावी तर ती मी! ही बढाई नव्हे, आमच्या ऑफिसात कुणालाही विचारा. कुणाच्या मुलीला आहेरात निरांजन आलं, कुणाच्या नातवाला वाटी-चमचा आला, की तो जिन्नस आधी माझ्या टेबलावर येतो. मी त्याला नखाने टिचकी मारतो, डोळे मिटून आवाज ऐकतो आणि निकाल देतो, "अस्सल!" किंवा "भरीची!" माझं निदान चुकल्याची तक्रार आजवर आलेली नाही. (तपासून पाहायला कुणी गेलं होतं का, असा खवचट प्रश्न आमची वासंती विचारते. तिच्याकडे दुर्लक्ष करावं.)

आता अशा जाणकाराच्या नशिबी साडू कसा यावा? तर हिम्मतरावांसारखा!

हिम्मतराव म्हणजे वासंतीच्या थोरल्या बहिणीचे, अलकाताईंचे यजमान. मुक्काम हैदराबादेतलं बडं हिमायतनगर. आम्ही त्याच शहरात, पण अंबरपेठेत राहतो, याचं त्यांना फार वाईट वाटतं. "तिकडे तुमच्या अंबरपेठेत नळाला पाणी येतं ना हो?" असं ते दर भेटीत विचारतात, जणू आम्ही अंदमानात राहतो! गेली कित्येक वर्षं हे गृहस्थ पंपाचे वायसर विकत होते. मग सरकारने देशाचे दरवाजे उघडले आणि पहिलं वारं लागलं ते हिम्मतरावांना! चार घरांत केबल टीव्ही आला, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे बूथ उघडले, आणि हिम्मतरावांच्या व्हिजिटिंग कार्डावर रातोरात छापलं गेलं, "एक्स्पोर्टर – इंडियन अँटिक्स". त्यांच्या घरातली सर्वांत जुनी वस्तू म्हणजे त्यांचा फ्रिज. पण फॉरिनला पाठवायला निघाले पुराणवस्तू!

एके दिवशी मला स्कूटरवर घालून ते चारकमानच्या एका गल्लीत घेऊन गेले. अंबाजी नावाच्या चांदीच्या कारागिराचं तिथे दुकान आहे. आत चार-पाच माणसं मांडी घालून ठोकत बसली होती. चांदीचा पत्रा राळेवर चिकटवायचा आणि बारीक बारीक छिन्न्यांनी त्यावर वेली, मोर, कमळं उठवायची, हे काम मोठं देखणं असतं, यात वाद नाही. तबकं, पानदान, अत्तरदाणी, सगळा माल कसा दुधासारखा पांढरा! मी टिचकी मारून म्हणालो, "अस्सल!"

"थांबा तर," हिम्मतराव म्हणाले.

अंबाजीने तो सगळा माल एकेक करून गंधकाच्या कढत पाण्यात बुडवला. सडक्या अंड्यासारखा वास सुटला. पाण्यातून बाहेर आलं तेव्हा पानदान कोळशाच्या वखारीतून आणल्यासारखं काळंकुट्ट!

"झालं अँटिक!" हिम्मतराव खूष होऊन म्हणाले. "जर्मनीहून बाई यायली पुढच्या आठवड्यात. मोठी व्यापारी आहे. तिला जुनंच पाहिजे."

मी कपाळाला हात लावला. आमच्या बायका चिंच आणि रांगोळी घेऊन चांदी पांढरी करण्यात जन्म घालवतात, आणि हा शहाणा पदरचे पैसे देऊन ती काळी करून घेतो! मी तसं तोंडावर बोललोही. पण ज्याला लाज नाही त्याला काय बोलणार?

"मुकुंदराव, तुमच्यासारखी चांदीची नजर आपल्या खानदानात कुणाला नाही," ते एकदम गोड आवाजात म्हणाले. "म्हणून तुम्हाला सांगतो. असल्या मालात मधोमध एक खरी जुनी वस्तू ठेवली ना, की बाकीचा माल आपोआप जुना दिसतो. तुमच्याकडे सासूबाईंची गुलाबदाणी आहे. एका दिवसापुरती द्या की!"

आता मला सांगा, माणसाने असं कबूल केल्यावर, की खरी चीज तुमच्याच घरात आहे, नाही कसं म्हणायचं? मी "हौ" म्हणून टाकलं.

या गुलाबदाणीबद्दल थोडं सांगायला हवं. माझ्या सासूबाईंच्या आजीला ती कुठल्याशा जहागीरदाराच्या देवडीतून, म्हणजे वाड्यातून, लग्नात आली होती, असं सगळे सांगतात. उंच मान, पोटावर द्राक्षांची वेल आणि वर कमळाच्या आकाराची जाळी. सासूबाईंनी जाताना ती धाकट्या वासंतीला दिली, थोरल्या अलकाताईंना नाही, आणि हा काटा अलकाताईंच्या मनात अजून आहे. दर हळदीकुंकवाला त्या गुलाबपाणी अंगावर उडताच म्हणतात, "आईचं प्रेम तुझ्यावरच जास्त हो, वासंती." वासंती यावर घाईघाईने गुलाबदाणी फडक्यात गुंडाळून आत नेते.

मी घरी येऊन सांगितलं, तर वासंतीचा चेहरा पांढराफटक!

"मला न विचारता कबूल केलंत? नक्को! ती घराबाहेर जाणार नाही!"

"अगं, एका दिवसाचा प्रश्न आहे."

"महिन्यावर आपल्या मेघनाचं लग्न आलंय. तिच्या सीमांतपूजनाला आईची गुलाबदाणी लागणार. तिला काही झालं तर?"

एवढ्यात शेजाऱ्यांकडे अलकाताईंचा फोन आला. वासंती परत आली ती डोळे पुशीत. "अक्का म्हणतेय, आईने तुला दिली म्हणून एक दिवस पण मला देववत नाही का?" तिने गुलाबदाणी कपाटातून काढून पदराने पुसली. मग म्हणाली, "न्या. पण तिला कुणी घासायचं नाही. कसाला लावायचं नाही. मऊ फडक्याशिवाय काही लावायचं नाही. आणि त्याच संध्याकाळी ती परत घरी आली पाहिजे. शब्द द्या!"

मी शब्द दिला. बायकांचा हळवेपणा, दुसरं काय! घासायचं नाही म्हणे! अस्सल चांदी घासल्याने झिजते का?

पण परत येण्याचा मुद्दा मात्र मला पटला. काळ्या केलेल्या मालाचा सौदागर तो, त्याच्या घरी वस्तू ठेवायची आणि तीच परत येईल याची खात्री काय? यावर आपल्या लोकांनी एक रामबाण उपाय शोधून ठेवलेला आहे. भांड्यावर नाव! आपल्या घरात चमच्यापासून घंगाळापर्यंत नाव नसलेलं भांडं दाखवा. मंगलकार्यात पातेलं काचीगुड्याला आणि त्याचं झाकण मलकपेठेला, असं होऊ नये म्हणून थोरामोठ्यांनी घालून दिलेली ही रीत. ज्या घरात पाच रुपयांच्या पळीवर नाव आहे, त्या घरातली गुलाबदाणी बेवारशी? छट्! वासंतीला नंतर सांगून चकित करायचं, असं मी ठरवलं.

सुलतान बाजारातल्या एका भांड्याच्या दुकानाबाहेर नाव घालणारा बसतो. त्याला मी कागदावर मजकूर लिहून दिला आणि गुलाबदाणी उलटी करून बुडाची जागा दाखवली. त्याने यंत्र सुरू केलं. टर्रर्र! दोन अक्षरं काढून तो थांबला.

"साब, अक्षरां पीले पीले आरे!"

मी वाकून पाहिलं. खरंच की! पांढऱ्या चांदीवर पिवळीधमक अक्षरं चमकत होती. दुसरा कुणी असता तर घाबरला असता. पण मी जाणकार!

"पुराना माल है मियाँ," मी म्हणालो. "पुरानी चांदी में सोने का अंश रहता. आजकल कहाँ मिलता ऐसा!"

"हौ साब, होगा," तो म्हणाला आणि पुढे टर्रर्र करीत सुटला. दुकानातल्या दोन बायका वळून बघायला लागल्या. मी त्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणालो, "जहागीरदारांच्या देवडीतली आहे!"

काम झालं. बुडाला सुरेख वळणदार अक्षरांत, "सौ. वासंती मुकुंदराव, अंबरपेठ". सोन्यासारखं झळकत होतं हो! मी ती फडक्यात गुंडाळून ठेवली.

ठरल्या दिवशी आम्ही दोघं हिमायतनगरला गेलो. अलकाताईंनी जर्दाळू शिजवून खुबानीचा मीठा केला होता आणि मिरची भजी तळायला वासंतीला सरळ स्वयंपाकघरात ओढून नेलं. बाहेर दिवाणखान्यात हिम्मतरावांनी मखमल अंथरून आपला काळा बाजार मांडला होता. मधोमध आमची गुलाबदाणी! हिम्मतराव तिच्याकडे बघून कुरकुरले, "फारच चकाचक आहे हो. पाच मिनिटं गंधकाच्या पाण्यात..."

"खबरदार!" मी म्हणालो. "आमच्या चांदीला तोंड रंगवायची गरज नाही."

जर्मन बाई आली. उंच, सुती सलवार-कमीज घातलेली, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. तिने एकेक वस्तू उचलायला सुरुवात केली. हिम्मतरावांचं इंग्रजी वायसरच्या धंद्यात घडलेलं! "व्हेरी ओल्ड, मॅडम! निझाम टाइम! निझाम ईटिंग पान फ्रॉम धिस!" बाईने ते पानदान नाकाशी नेलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. अत्तरदाणीचा वास घेतला, आणखी एक आठी. मला हसू आवरेना. मी सोफ्यावर मागे टेकून बसलो. मनात म्हटलं, बरी जिरली!

आठ्या वाढताना बघून हिम्मतरावांनी घाईघाईने आमची गुलाबदाणी तिच्या हातात दिली. "धिस वन, मॅडम! धिस वन व्हेरी व्हेरी ओल्ड!" बाईने ती फिरवली, वेलीवरून बोट फिरवलं, मग उलटी केली. तिचे डोळे विस्फारले.

"हे काय लिहिलंय?" तिने इंग्रजीत विचारलं.

हिम्मतरावांनी वाकून वाचलं. एक क्षण त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी साडू नसतो तर फेकून मारली असती. पण माणूस व्यापारी! दुसऱ्या क्षणी ते हात जोडून म्हणाले, "क्वीन, मॅडम! क्वीन वासंती! ऑफ... ऑफ अंबरपेठ!"

"क्वीन?"

"अंबरपेठ पॅलेस! व्हेरी बिग पॅलेस!"

अंबरपेठेत पॅलेस! नळाला पाणी येतं का म्हणून विचारणारा हाच तो गृहस्थ! खरं तर मी तिथेच तोंड उघडायला हवं होतं. पण माझ्या अंबरपेठेला राजधानीचा मान मिळतोय आणि मी मोडता घालू? उलट माझीच जीभ सुटली. "अँड मुकुंदराव वॉज द किंग," मी म्हणालो. "व्हेरी हँडसम किंग!"

बाईने वहीत लिहून घेतलं. मग हळू आवाजात विचारलं, "राणीचं पुढे काय झालं?"

"डाइड!" हिम्मतराव म्हणाले. "व्हेरी यंग. ट्रॅजेडी!"

"किंग क्राइंग, क्राइंग," मी जोडून दिलं.

नेमकी त्याच वेळी राणी वासंती भज्यांची बशी घेऊन बाहेर आली. घामाने डबडबलेली, नाकाला बेसन लागलेलं. आणि पाठोपाठ स्वयंपाकघरातून अलकाताईंचा खणखणीत आवाज, "वासंतीऽऽ! अगं चटणी राहिली!"

बाईची पेन्सिल वहीवरच थांबली.

"वासंती?" बाईने भज्यांच्या बशीकडे बघत विचारलं.

"सेम नेम!" हिम्मतरावांना घाम फुटला. "ऑल अंबरपेठ लेडीज, सेम नेम! रिस्पेक्ट फॉर क्वीन!"

बाईने वही मिटली. तिने गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं आणि ती अक्षरं बघायला लागली. बराच वेळ बघत राहिली. मी मनात म्हटलं, आता कळेल हिला, सोन्याचा अंश म्हणजे काय ते!

तिने भिंग खाली ठेवलं आणि फारच सभ्यपणे म्हणाली, "ब्रास."

"बॉस?" हिम्मतराव.

"ब्रास. वरून चांदीचा मुलामा. आत पितळ आहे. फार जुनीही नाही, पंचवीस-तीस वर्षांची असेल." तिने गुलाबदाणी तिरपी करून आम्हाला दाखवली. खिडकीतल्या उन्हात माझ्या बायकोचं नाव झगमगत होतं. सौ. वासंती मुकुंदराव, पिवळंधमक, शुद्ध पितळेत!

अशा वेळेला आपल्या भाषेत पितळेचा एक वाक्प्रचार आहे, तो तिथे कुणीही उच्चारला नाही. हिम्मतरावांच्या चेहऱ्यावर मात्र तो स्पष्ट वाचता येत होता.

तेवढ्यात अलकाताई चटणी घेऊन बाहेर आल्या. "पितळ? आईची गुलाबदाणी पितळेची?" त्यांनी हातातली वाटी धाडकन टेबलावर ठेवली. "आपली आई पितळेची गुलाबदाणी चांदीची म्हणून मिरवत होती, वासंती? जन्मभर?"

मी वासंतीकडे पाहिलं. तिने बशी खाली ठेवली, पदराने नाकावरचं बेसन पुसलं आणि शांतपणे म्हणाली, "छे गं अक्का! ही आईची नव्हेच. ही मी रोजच्या वापराला घेतलेली. आईची लॉकरमध्ये आहे. असल्या कामाला खरी कोण देतं? हो ना हो?"

शेवटचं "हो ना हो" माझ्यासाठी होतं. तिच्या डोळ्यांत असं काही होतं, की पंचवीस वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदा एकही जादा शब्द न बोलता मान हलवली.

अलकाताईंचा जीव भांड्यात पडला. "मग ठीक! मेघनाच्या लग्नात आणशील ना? मीच उडवणार गुलाबपाणी!"

आणि त्या जर्मन बाईने काय केलं असेल? तिने गंधकाचा वास येणारं ते पानदान उचललं, रुमाल ओला करून एक कोपरा घासला, खालची पांढरी नक्षी बघितली आणि हिम्मतरावांना विचारलं, "इतकं सुंदर नवं काम! हे घाण का करून ठेवलंत? मला असाच माल पाहिजे, पण पांढरा." तिथल्या तिथे ऑर्डर! घोटाळा करणारा मोठा व्यापारी झाला आणि जाणकाराचं घर पितळेचं निघालं. देशाचे दरवाजे उघडले ते हे असं!

परतताना रिक्षात वासंतीने गुलाबदाणी मांडीवर घट्ट धरली होती. नारायणगुडा मागे पडल्यावर बोलली.

"खरी गुलाबदाणी आईने विकली. अक्काच्या लग्नात. वडिलांची नोकरी सुटली होती तेव्हा, आणि भाऊजींच्या घरच्यांना सगळं थाटात पाहिजे होतं. लोकांना कळू नये म्हणून आईने हुबेहूब ही मुलाम्याची करून घेतली. अक्काला कळलं तर ती आयुष्यभर स्वतःला लावून घेईल, म्हणून मला दिली. म्हणाली, तू सांभाळ. घासू नकोस, मुलामा जाईल."

"मग मला का नाही सांगितलंस?" मी ओरडलो.

"तुम्हाला?" वासंती माझ्याकडे बघत म्हणाली. "तुम्ही चांदी ओळखता ना!"

रिक्षावाला उगीचच हसला. त्याला मराठी येत होतं की काय कोण जाणे.

आता लॉकरमधली गुलाबदाणी हवी होती आणि लॉकर तर आमच्याकडे नव्हताच! कलर टीव्हीसाठी बाजूला ठेवलेलं सगळं काढलं, एका संध्याकाळी मान खाली घालून चारकमानच्या त्या गल्लीत गेलो आणि मुलाम्याची गुलाबदाणी अंबाजीपुढे ठेवली. "अशीच पाहिजे. अस्सल चांदीत." बरेच दिवस त्याच्याकडे खेपा घातल्या. राळेवर द्राक्षांची वेल उठली, मान जोडली गेली, कमळाला बारीक बारीक भोकं पडली. शेवटी दुधासारखी पांढरी गुलाबदाणी अंबाजीने माझ्या हातात दिली.

मी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणालो, "अंबाजी, ती... जराशी काळी करता येईल का हो?"

"का नाही?" मागून आवाज आला. "गंधकाचं पाणी गरमच आहे!"

हिम्मतराव! जर्मनीचा माल न्यायला आले होते. माझ्या हातातली गुलाबदाणी, समोर पडलेली पितळेची, आणि माझं तोंड, असं तिन्ही त्यांनी आळीपाळीने बघितलं. आता हा माणूस सगळ्या हैदराबादेत दवंडी पिटणार, असं वाटून मी नवी गुलाबदाणी पाठीमागे लपवली.

त्यांनी ती माझ्या हातातून घेतली. टिचकीसुद्धा मारली नाही. "अंबाजी, चांगली काळी करा," ते म्हणाले. "लॉकरमधली आहे." मग माझ्या कानाशी येऊन बोलले, "त्या बाईने पितळेचं वय सांगितलं ना, आमचं लग्न तेव्हाचंच. अलका माझ्या घरी कशी आली, ते आता समजलं. तिला मी काही बोलणार नाही, बेफिकीर राहा. फक्त या खेपेला नाव घालू नका!"

मेघनाच्या सीमांतपूजनाला अलकाताई सगळ्यांच्या आधी आल्या. वासंतीने काळपट गुलाबदाणी त्यांच्या हातात ठेवली. अलकाताईंचे डोळे भरून आले. मग त्या कडाडल्या, "वासंती! आईची वस्तू ही अशी ठेवतात?" आणि आम्ही कुणी काही बोलायच्या आत त्या मोरीत गेल्या. चिंचेचा गोळा, मूठभर रांगोळी आणि कोपरापर्यंत बाह्या वर!

बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात कालच दुकानातून आणल्यासारखी कोरी गुलाबदाणी चमकत होती. वासंतीने डोळे मिटून घेतले. हिम्मतराव छताकडे बघायला लागले.

अलकाताईंनी ती उन्हात धरली, वेलीवरून बोट फिरवलं आणि रडत रडत हसल्या. "आता कशी आईची ओळखू येते! या वेलीवरचा आईचा हात मी झोपेत पण ओळखीन!"

हल्ली ऑफिसात कुणी निरांजन घेऊन आलं, तर मी टिचकी मारीत नाही. सरळ सांगतो, "मला चांदीतलं काही कळत नाही बुवा. हिमायतनगरला आमच्या अलकाताई आहेत, त्यांना दाखवा!"